दोन्ही हात दिसतील असा कॅमेरा

माझी धाकटी बहीण दीड वर्षाची असताना तापाने फणफणली, आणि ताप उतरला तेव्हा तिचं ऐकणं गेलेलं होतं. आईच्या ते लक्षात यायला दोन महिने लागले. मी तेव्हा पाच वर्षांची. विठ्ठलवाडीला स्टेशनच्या मागच्या बाजूला आमची दोन खोल्यांची जागा होती, आणि त्या दोन खोल्यांत आम्ही दोघींनी मिळून हातांची एक भाषा तयार केली. कुणी शिकवली नाही. वडील म्हणजे मनगटावर दोन बोटं, कारण ते रोज सकाळी घड्याळाला किल्ली द्यायचे. आई म्हणजे पदर खोचल्याची खूण. खोटं बोलतेस म्हणायचं असेल तर स्वतःची वेणी ओढायची. करमत नाही म्हणजे पालथा हात गुडघ्यावर हळूहळू फिरवायचा. एका उन्हाळ्यात मला एकटीलाच गावी पाठवलं होतं, तेव्हा ती महिनाभर दारात बसून तसाच हात फिरवत होती, असं आईने मला नंतर सांगितलं.

पुढे ती मूकबधिरांच्या शाळेत गेली, तिथली रीतसर भाषा शिकली. तिथलाच मुलगा तिला नवरा म्हणून मिळाला. तिच्या त्या भाषेत तिच्या ओळखीची शेकडो माणसं आहेत. मला मात्र ती भाषा कधीच नीट आली नाही. मला आमची घरची तेवढी येते. आईवडील गेले, आणि ती भाषा येणारी माणसं दोनच उरली, एक ती आणि एक मी.

ती आता बंगळुरूला मुलाकडे असते. तिचे यजमान चार वर्षांपूर्वी वारले. माझे त्याच्या आधीच गेले, आणि आम्हाला मूल नव्हतं. मी नोकरीभर एका कचेरीत इमारतींचे नकाशे उतरवून काढायचं काम केलं. निवृत्तीनंतर नौपाड्यातली जुनी जागा पाडायला घेतली, म्हणून घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर राहायला आले. फ्लॅट चांगला आहे, वारा भरपूर. पण लिफ्टमध्ये सगळे मोबाइलकडे बघतात, आणि दाराशी येणारी माणसं पार्सल ठेवून बेल वाजवून निघून जातात. मी दार उघडेपर्यंत लिफ्ट खाली गेलेली असते. दिवसभरात तोंडातून शब्द निघाला नाही, असे दिवस मी सुरुवातीला लक्षात ठेवायचे. नंतर सोडून दिलं.

रविवारी सकाळी अकरा वाजता आमचा व्हिडिओ कॉल असे. माझा लॅपटॉप जुना. त्याचा कॅमेरा फक्त चेहरा धरायचा, आणि हात हलवला की त्या जागी पांढरट फराटा उमटायचा. ती वैतागायची. "तू धुरात बसली आहेस का?" असं तिने एकदा हातांनी विचारलं. भाच्याने तिच्या बाजूने सोय म्हणून कॉल मोठ्या टीव्हीवर जोडून दिला. तरी तिचं म्हणणं एकच, हात दिसत नाहीत, हात कापले जातात. हात कापले की आमच्यात बोलायला काय उरणार? नुसतं एकमेकींकडे बघून हसायचं.

म्हणून मी नवीन कॅमेरा घ्यायचं ठरवलं. आधी भाच्याला विचारलं, तर त्याने ऑनलाइन पाहायला चार लिंका पाठवल्या. प्रत्येकीत तेच शब्द होते, फोर के, वाइड अँगल, ऑटोफोकस. नकाशे उतरवून आयुष्य काढलं तरी मला त्यातलं निम्मंही समजलं नाही. शेवटी रिक्षा करून नौपाड्यात गेले. एका गल्लीत कॉम्प्युटरचं एक जुनं दुकान मला माहीत होतं. मालक पन्नाशीचे, कपाळावर चष्मा चढवलेले.

"काकू, मीटिंगसाठी हवाय, की लाइव्ह वगैरे करणार?"

"बहिणीशी बोलायचंय."

"मग माईक चांगला बघू. चित्र थोडं कमी-जास्त चालतं, आवाज स्वच्छ पाहिजे."

"आवाज नको. ती ऐकत नाही."

ते हसले. "माझी पण नाही ऐकत. तीन बहिणी आहेत मला."

"तसं नाही हो. तिला ऐकू येत नाही. आम्ही हातांनी बोलतो."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग मागच्या फळीवरून तीन खोकी काढली आणि काउंटरवर एका रांगेत मांडली. म्हणाले, "मग खोक्यावरचं वाचून उपयोग नाही. तुम्ही प्रत्येकासमोर बोलून दाखवा. आपण रेकॉर्ड करू आणि बघू."

त्यांनी मला स्टुलावर बसवलं. पहिला कॅमेरा फोर केचा होता. त्यात माझ्या कानातल्या कुड्यांचे मोती मोजता आले असते. पण हात हलवले की फराटे. ते म्हणाले, "रिझोल्यूशन म्हणजे एक चित्र किती बारीक, तेवढंच. तुम्हाला सेकंदाला चित्रं किती, तेपण बघायला पाहिजे. उजेड कमी पडला की हा आळशी होतो, चित्रं कमी काढतो." दुसऱ्यात फराटे नव्हते, पण कोपरं चौकटीबाहेर जात होती.

तिसऱ्यासमोर बसले तेव्हा काय बोलावं ते सुचेना. दोन वेळा "जेवलीस का" विचारून झालं होतं. मग माझे हात आपोआप बोलायला लागले. मी म्हणाले, काल दिवसभर कुणाशी बोलले नाही. परवासुद्धा नाही. सकाळी गॅसवर दूध ठेवलं आणि त्याच्याशी बोलले, थांब थांब म्हणून. घरी जावंसं वाटत नाही. मग मी पालथा हात गुडघ्यावर फिरवला. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, एक बाई प्रिंटरची शाई मागत होती. कुणालाच काही कळण्यासारखं नव्हतं, म्हणूनच मी बोलू शकले असणार.

मालकांनी रेकॉर्डिंग लावलं. स्क्रीनवर एक म्हातारी बाई दोन्ही हातांनी सगळं सांगत होती. बोटन् बोट वेगळं दिसत होतं.

"एकदम स्पष्ट आलं, काकू," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "हाच द्या."

त्यांनी कागदावर लिहून दिलं. खिडकी पाठीमागे नको, दिवा समोर हवा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. घरी येऊन मी टेबल फिरवलं, लॅपटॉपखाली दोन जाड पुस्तकं घातली, झोपायच्या खोलीतला दिवा आणून समोर ठेवला. पाठीमागची भिंत मोकळी केली. यजमानांचा फोटो तिथे होता, तो दुसऱ्या भिंतीवर नेला. रविवारची वाट पाहत तीन दिवस काढले.

रविवारी ती दिसली. मी हात उंचावून विचारलं, "कशी दिसते मी?"

"चेहरा छान. म्हातारी झालीस. हात कुठे आहेत?"

मी कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत स्वतःला पाहत होते. दोन्ही हात पूर्ण दिसत होते, वर दोन बोटं जागा उरली होती. मी खुर्ची मागे सरकवली. आणखी मागे. भिंतीला टेकले.

"येतात आणि जातात," ती म्हणाली. "तू नीट का बोलत नाहीस?"

मी रागाने कॉल बंद केला. दुसऱ्या दिवशी खोकं घेऊन परत दुकानात. मालकांनी काही कुरकुर केली नाही. स्वतःच्या मोबाइलवर कॉल लावला, मोबाइल घेऊन दुकानाबाहेर रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले आणि तिथून मला हात हलवायला सांगितलं. परत येऊन म्हणाले, "काकू, कॅमेऱ्यात दोष नाही. एकदा तिकडचं तपासा."

मी भाच्याला सांगितलं. पुढच्या रविवारी त्याने कॉल चालू असताना मागून फोटो काढून पाठवला. फोटोत बहिणीचा पाठमोरा अंबाडा होता, तिच्यासमोर हातभर अंतरावर तो अवाढव्य टीव्ही, आणि टीव्हीवर मी, बोटांच्या टोकांपर्यंत संपूर्ण. मी तो फोटो बघत होते, आणि त्याच वेळी ती मला विचारत होती, "हात कुठे आहेत?"

तेवढ्यात तिची सून आली आणि तिच्या डाव्या बाजूच्या तिवईवर चहाचा कप ठेवून गेली. मला तो कप स्वच्छ दिसत होता, त्याची वाफसुद्धा. बहिणीने मान वळवली नाही. थोड्या वेळाने चष्मा ठेवायला तिने तिकडे हात नेला आणि कप सरळ खाली गेला. ती दचकली. "कप कधी आणला?" तिने कुणालाच न विचारल्यासारखं विचारलं.

इतके दिवस मी कॅमेऱ्यावर चिडत होते, तिच्यावर चिडत होते.

मी भाच्याला वेगळा फोन करून कपाचं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, आई हल्ली दाराच्या चौकटीला धडकते. आम्हाला वाटलं, वय झालं."

"तिला बाजूचं दिसत नाहीये. उद्याच डॉक्टरकडे ने."

काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत. किती दिवसांपासून होता कुणास ठाऊक. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात जातो. गेलेलं परत येणार नव्हतं. उरलेलं टिकवायला थेंब दिले, रोज, आयुष्यभर. भाच्याने मला फोनवर हे सगळं सांगितलं, पण मला ते खरं कळलं तिच्याकडूनच. दोन्ही हातांची नळी करून तिने डोळ्यांसमोर धरली आणि त्यातून माझ्याकडे बघितलं.

"एवढंच उरलंय. एवढ्यात मावशील का?"

मी हो म्हणाले. खूप वेळ मान हलवत राहिले. तिला बहुतेक वाटलं असेल की चित्र अडकलंय.

मग आम्ही सगळं उलटं केलं. भाच्याने टीव्ही बंद करून साधा लॅपटॉप तिच्यापासून दूर, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवला, म्हणजे मी तिच्या नजरेच्या गोलात पूर्ण येईन. रुंद चौकटीसाठी निवडून आणलेला कॅमेरा मला आता अरुंद करायचा होता. दुकानमालकांना फोन केला, त्यांनी सेटिंग सांगितलं. चित्र बारीक असल्यामुळे जवळ ओढलं तरी फाटलं नाही. मी गडद निळा ब्लाउज घालते, म्हणजे हात उठून दिसतात. हात हनुवटीपाशी ठेवून बोलते, लहान लहान. आयुष्यभर हात पसरून बोलायची सवय, ती मोडायला वेळ लागला. काही खुणा बसतच नव्हत्या. समुद्र म्हणायला आम्ही दोन्ही हात पूर्ण फाकायचो. तिने तो तळव्याएवढा केला. एवढासा समुद्र करून ती हसत सुटली आणि मलाही हसू आवरेना.

आता आम्ही रोज बोलतो, दुपारी चार वाजता. पंधरा-वीस मिनिटं. त्याहून जास्त झालं की तिचे डोळे थकतात. ती हात जोडते, स्क्रीन काळी होते, आणि त्यात मी निळ्या ब्लाउजमध्ये तशीच बसलेली दिसते. दिवा बंद करायला उठायचंही लक्षात राहत नाही.

थंडीत पंधरा दिवस मी बंगळुरूला जाऊन आले. थेंबांनी सध्या नजर धरून ठेवली आहे, डॉक्टर समाधानी होते. पण तिला पुढचं दिसत असावं. दुसऱ्याच दिवशी तिने डोळे मिटले, माझा हात स्वतःच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "बोल." आम्ही रोज सकाळी गच्चीवर तसा सराव केला. तळहातावर बोटं ठेवायची, दाबायची, ओढायची. मी चुकायचे. तिच्यापेक्षा मीच जास्त चुकायचे. ती डोळे मिटूनच मान हलवायची आणि माझी बोटं धरून खूण पुन्हा करून घ्यायची.

निघायच्या दिवशी गाडी खाली येऊन थांबली होती, भाचा बॅग घेऊन पुढे गेला होता. तिने जिन्याशी मला थांबवलं, माझा तळहात उलगडला आणि त्यावर काहीतरी भराभर म्हणाली. लांब वाक्य होतं. मला एवढंच कळलं की त्यात आई होती. मी म्हटलं, "परत सांग." तिने माझी मूठ मिटली. "चार वाजता सांगेन."

दुसऱ्या दिवशी चार वाजता कॉल लागला. मी दिवा समोर घेतला, हात हनुवटीपाशी आणले आणि विचारलं, काल जिन्याशी काय म्हणालीस?

ती बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, आठवत नाही. घरी पोहोचल्यावर काय खाल्लंस?

मी सांगितलं, पिठलं-भात.