मंगळावरच्या टेकड्या आणि माझी आई

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी सरांचा मेल आला. "फोटो उलटा करून बघ. तू ज्यांवर टेकड्या म्हणून खुणा केल्या आहेस, ते सगळे खड्डे आहेत."

मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने काढलेले फोटो माझ्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला आहेत. या फोटोंत ऊन खालच्या बाजूने पडलंय. आपला डोळा ते वरूनच आलं असं धरून चालतो, मग खड्डेही फुगीर दिसतात. तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली.

पण जीव त्यासाठी जळत नाहीये. तुम्ही कधी घरच्या माणसाला गप्प बसवलंय का? मी बसवलं.

पहिल्याच आठवड्यात आई माझ्या मागे उभी राहून म्हणाली होती, "हे त खड्डे होत ना. ऊन कोणीकडून येऊन राहिलं, ते पाह्य."

आईचे कितीतरी उन्हाळे आमच्या गावी, कुडव्याला, रोजीने बोड्या, म्हणजे शेतातली तळी, खोदण्यात गेले. खड्ड्यात सावली कुठे पडते, हे तिला कोणी शिकवायची गरज नाही. आणि मी म्हणाले, "आई, हा मंगळ आहे, कुडव्याची बोडी नाही. तुला काय समजते त्यातलं?" मैत्रिणी बसल्या होत्या, त्या हसल्या. मीही हसले.

त्यानंतर आई कॉम्प्युटरजवळ फिरकली नाही.

आज तिला हाक मारून उलटा केलेला फोटो दाखवला. म्हटलं, "तूच बरोबर होतीस. मग पुन्हा काऊन नाही बोललीस?"

पदराला हात पुसत ती म्हणाली, "मले वाटलं, तिकडे ऊन वेगळं पडत असन."