पाइपला पाणी भरणारे भटूआप्पा

भटूआप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये तेलाचा नमुना गरम करत होते. फोन त्यांच्या पुतण्याचा होता. लोणखेड्याच्या शेतात, पपईच्या ओळीत आप्पा सकाळी ठिबकची नळी बघायला वाकले आणि उठलेच नाहीत... एवढंच तो बोलला. मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्याची बातमी ऐकून कुणी "बरं" म्हणतं का? पण माझ्या तोंडून तेच निघालं. मग मी गॅस बंद केला, बाहेर आले आणि आवारातून जाणाऱ्या त्या लांबलचक पाइपकडे बघत उभी राहिले. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते असं, की आता सांगायचं राहिलं ते कायमचं राहिलं. ते काय, ते पुढे सांगतेच. ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

आमचा कारखाना नवापूरजवळ, कोंबड्यांचं खाद्य तयार करणारा. नवापुरात पोल्ट्री किती आहेत हे या भागातल्या वाचकाला सांगायला नको. खाद्यात पामतेल मिसळावं लागतं, आणि पामतेलाचा स्वभाव हट्टी नवरदेवासारखा आहे: जरा थंडी वाजली की जागच्या जागी बसतं. टाकीपासून मिक्सरपर्यंत शंभरेक मीटरचा पाइप. पूर्वी हिवाळ्यात सकाळी त्यात तेल थिजून दगड व्हायचं. मग पाइपवर गोणपाट गुंडाळा, उकळतं पाणी ओता, तेवढ्यानं नाही भागलं तर कुणीतरी पेटत्या चिंध्या घेऊन तेलाच्या पाइपखाली उभं राहणार! आम्ही जिवंत राहिलो ही देवाची कृपा, दुसरं काही नाही. शेवटी बाहेरच्या एका कंपनीनं पाइपला हीटिंग केबल बसवून दिली. पाइपच्या अंगाला चिकटवलेली, पट्टीसारखी चपटी वायर, तिच्यावर लोकरीसारखं जाड आवरण आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. बटण दाबलं की पाइप आतल्या आत कोमट राहतो. ती केबल सांभाळण्याचं काम आलं भटूआप्पांकडे.

आप्पा मूळचे शेतकरी घरातले, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून त्या भरण्यात हात बसलेला. नवापुरात खोली करून राहायचे आणि सुट्टीला लोणखेड्याला जायचे. केबलच्या पहिल्याच कामात त्यांनी माती खाल्ली, आणि ती गोष्ट ते स्वतःच येईल त्याला सांगायचे. पाइप दहा मीटरनं वाढला म्हणून त्यांनी केबलही वाढवली. या केबलमध्ये दोन तारा शेजारी शेजारी शेवटपर्यंत जातात आणि शेवटाला त्या वेगवेगळ्या ठेवून वर रबरी टोपी घालायची असते. उष्णता त्या दोन तारांच्या मधल्या काळ्या थरातून निघते. पण मोटारी भरणाऱ्या माणसाला तार कुठे सुटी दिसली की चैन पडत नाही. "शेवटले दोन्ही तारा मोकया दिखन्यात," आप्पा सांगायचे, "म्हंतं, हाई ते अर्धंच काम शे. दिन्यात जोडी!" दोन तारा जोडल्या म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट. बटण दाबल्याबरोबर असा धडाका झाला, की खाद्य भरणाऱ्या बाया पोती टाकून फाटकापर्यंत पळाल्या. आप्पा पॅनेलसमोर उभे, मिशीवर काजळी. आमच्याकडे मोटारीचं काम येणारा प्रत्येक जण ही चूक एकदा करतो. आप्पांनी ती एकदाच केली. त्यानंतर त्यांनी कंपनीचं माहितीपुस्तक मागवून घेतलं, माझ्याकडून शब्दाशब्दाचा अर्थ समजून घेतला आणि पावसाळाभर पाठ केलं. मी खांडबाऱ्याकडची. घरी आमची बोली वेगळी, शाळेत मराठी, आप्पांची अहिराणी, आणि पुस्तक इंग्रजी. चार भाषांतून ती केबल आम्हा दोघांच्या डोक्यात शिरली.

माझं काम रोज सकाळी लाइनवर चालत जाऊन सात ठिकाणचं तापमान लिहिण्याचं. दुपारी जेवण लॅबच्या दाराशी. हिवाळ्यात डबा गार व्हायचा आणि गार भाकरी मला लहानपणापासून आवडत नाही. लॅबच्या दारासमोर पाइपला एक वळण होतं, तिथे आवरण जरा पातळ होतं आणि पत्रा हाताला छान कोमट लागायचा. गोल पाइपवर डबा ठरत नाही, घसरतो. म्हणून मी एके दिवशी लॅबच्या कपाटाचा एक जादा स्क्रू घेतला, पत्र्यावर ठोकून बसवला आणि त्याला डब्याची कडी अडकवली. पुस्तकाचा शब्दन् शब्द आप्पांना समजावून सांगणारी बाई मी! पत्र्याखाली काय आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण भूक लागली की माणसाचं शिक्षण पोटात जातं. पंधरा-वीस दिवस मी गरम भाकरी खाल्ली, मग तो स्क्रू ढिला झाला म्हणून काढून टाकला आणि विसरूनही गेले.

त्यानंतर लाइन बंद पडली. सकाळी बटण चढवलं की ब्रेकर खाली. चढवा, खाली. थंडीनं कहर केलेला, टाकीत तेल आणि मिक्सर कोरडा. पोल्ट्रीवाल्यांचे फोनवर फोन. केबल बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर सुरतेहून आला, तपासणी केली आणि म्हणाला, केबल खराब झाली आहे, सगळा पत्रा उतरवून नवी टाकावी लागेल. आणि वर म्हणाला, देखभाल करणाऱ्यांनी नीट केली नाही म्हणून ही वेळ आली. मॅनेजर आप्पांकडे बघायला लागले. त्याच महिन्यात आप्पांना सुपरवायझर करायचं ठरलं होतं, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. आप्पा शांतपणे म्हणाले, "केबल चांगली शे. दुखनं एकच जागावर शे. ते मी दखाडसू. पत्रा उतराना नही."

इंजिनिअर हसला. म्हणाला, "अप्पा, ये खेत नहीं है."

दुपारपर्यंत आप्पांनी पत्र्याला हातही लावला नाही. जंक्शन बॉक्समध्ये लाइनचे तीन तुकडे सुटे केले आणि प्रत्येकाला मेगर लावून बघितला. मेगर म्हणजे हातानं फिरवायचं यंत्र, वायरचं आवरण कुठे फुटलं असेल तर त्याचा काटा खाली पडतो. दोन तुकडे ठणठणीत निघाले, तिसरा आजारी. मग ऊन चढेपर्यंत ते पाइपच्या सावलीत बसून राहिले. इंजिनिअर घड्याळ बघत होता. पत्र्यावरचं दव सुकलं तसा तिसऱ्या तुकड्याचाही काटा हळूहळू वर यायला लागला. तेव्हा आप्पा उठले, तांब्या मागवला, बादलीभर पाणी मागवलं, मेगरचं हँडल माझ्या हातात दिलं. मला म्हणाले, "तू फिरावत ऱ्हाय ताई, आनि काटा पडना की आरोयी मार." आणि त्या तिसऱ्या तुकड्याच्या टोकापासून हातभर अंतरावर एक एक तांब्या पाणी ओतत निघाले... अगदी वाफ्याला पाणी भरतो तसं. एक वाफा भरला, पुढे सरका. पाणी जिथे भोकातून आत शिरेल तिथे काटा पडेल, इतकं साधं ते होतं. पण शिकलेल्या कुणाच्या डोक्यात ते आलं नव्हतं, माझ्याही नाही. आवारात सगळा कारखाना गोळा झाला. आप्पा इंजिनिअरकडे न बघता म्हणाले, "खेत नही शे, खरं शे. पन पानी भराले मी लहानपनपाईन शिकेल शे."

ते वळणाकडे येऊ लागले तेव्हा मला तो स्क्रू आठवला. हात हँडल फिरवत होता आणि मी देवाला म्हणत होते, दुसरीकडे निघू दे, कुठेही निघू दे. आप्पांनी वळणावर तांब्या ओतला आणि काटा सपकन शून्याला आला. मी ओरडले. आरोळीच मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, एकानं आप्पांना उचललंच. वळणावरचा दोन हात पत्रा सोडवला, आत केबलला चण्याएवढं भोक. आप्पांनी तेवढा तुकडा कापून जोड दिला, तीनदा मेगर लावला, आणि दिवस मावळायच्या आत तेल मिक्सरमध्ये पडायला लागलं. शंभर मीटरची केबल वाचली. इंजिनिअरनं येऊन त्यांचा हात हातात घेतला, हे मी त्याच्या बाजूनंही सांगायला हवं. खरा माणूस होता. पण त्याला अहवाल लिहायचा होता. भोक कुणी पाडलं, त्यानं विचारलं. मी तोंड उघडलं... आणि मिटलं. आप्पा म्हणाले, "लिवा. मन्हं नाव लिवा. लाइन मन्ही, ते चूकबी मन्हीच."

अहवालात "देखभालीत निष्काळजीपणा" असं आलं आणि खाली आप्पांचं नाव. सुपरवायझरपद दोन वर्षं लांबलं. पद मिळालं तेव्हा त्यांनी पेढे वाटले, मलाही दिला, आणि तो पेढा मला गिळवला नाही. कितीदा ठरवलं की सांगून टाकू. आज सांगू, सणाला सांगू, त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी सांगू. त्या प्रसंगानंतर आठवड्यानं आप्पांनी वळणाच्या बाजूला पाइपच्या खांबाला लोखंडी फळी जोडली, केबलला न लागता पाइपची ऊब डब्यांना मिळेल अशी. "आते डबा आठे ठेवाना," सगळ्यांना म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, त्यांना काही माहीत नाही. एक मात्र मी केलं. सकाळचं तापमान मी कधी अंदाजानं लिहिलं नाही. एका हिवाळ्यात शेवटच्या टोकाला फक्त तीन अंश कमी दिसलं, मी लगेच धावत जाऊन सांगितलं, आणि आप्पांना केबलच्या रबरी टोपीत शिरलेलं पाणी सापडलं. त्या दिवसापासून आजपर्यंत ती लाइन एकदाही थांबलेली नाही. एकदाही नाही!

दोन आठवड्यांपूर्वी कारखान्याच्या कँटीनमध्ये शोकसभा झाली. आप्पांच्या पत्नी, माई, पुतण्यासोबत आल्या होत्या. सगळे आप्पांच्या तांब्याची गोष्ट सांगत होते. शेवटी मी उठले आणि म्हणाले, भोक मी पाडलं होतं, डब्यासाठी. अहवालातलं नाव चुकीचं आहे, ते बदला. मागून एक फिटर ओरडला, "अहो बाई, आम्ही इतकी वर्षं पत्रा बसवणाऱ्याला शिव्या देतोय!" आणि सगळे हसले, अगदी शोकसभेत. मॅनेजरांनी त्याच टेबलावर कागद मागवला. आप्पांच्या नावापुढचा तो शेरा रद्द केला, कारणाच्या जागी माझं नाव माझ्याच हातानं लिहायला दिलं, आणि मी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं. आयुष्यात कुठली सही मी इतक्या आनंदानं केली नसेल.

बाहेर माईंनी माझा हात धरला. मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, "त्यासले तव्हयच कयनं व्हतं, पोरी. केबलना भोक देखीसनच. तसा जाड स्क्रू नुसता तुन्हा लॅबना कपाटले शे, म्हने." त्यांना तेव्हापासून माहीत होतं! मी विचारलं, मग त्यांनी माझं नाव का घेतलं नाही? माई म्हणाल्या, "मीबी तेच इचारं. ते म्हनेत, 'नाव सांगं ते ती भ्याई जाई. भ्यायेल मानूस आकडा खरा लिखस का? माले सकायना खरा आकडा जोयजे.'"

म्हणजे रोज खरा आकडा लिहिणं मी इतकी वर्षं माझं प्रायश्चित्त समजत होते, ते त्यांनी मला लावलेलं वळण होतं. मला राग आला, हसू आलं, आणि मग रस्त्यातच उभ्या उभ्या मी पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. आवारातली चिंच धुक्यात दिसत नव्हती. मी वही घेतली, सातही ठिकाणी पारा पूर्ण थांबेपर्यंत उभी राहिले, आणि शेवटच्या टोकाला नेहमीचे शेहेचाळीस अंश लिहिले. सव्वासात वाजता मिक्सरमध्ये तेल पडलं.