आबांना माळावर नेणारी जीप

दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. मागे इतकी शांतता उरते, की दोन गल्ल्या पलीकडं कुणी भांडी घासत असलं तरी कळतं. त्या शांततेत मी अंगणात जीपखाली उताणी पडलेली असायचे. मला आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वरच्या माळावर न्यायचं होतं.

आमचं घर मेंढरं राखणारं. आबांचा सगळा जन्म माळावर गेला. गुडघे गेले तसे ते खाली घरी आले आणि मेंढरं माझ्या धाकट्या भावाकडं गेली. तेव्हापासून बाजेवर बसून डोंगराकडं बघायचं, एवढंच त्यांचं काम. मागणं असं कधी नव्हतंच. एकदाच म्हणाले, "मेंढरं बगावी वाटत्यात, बाई." ते माझ्या मनाला लागलं. मी आयटीआयला मोटार मेकॅनिकचं शिकलेली, नेकनूरच्या एका गॅरेजात हात काळे करून आलेली. आणि दारात एक जुनी फोर व्हील जीप गंजत उभी होती. माळावर जायला सैल मुरमाचा चढ आहे. तिथं मागची चाकं नुसती गरगर फिरतात. पुढची चाकं ओढायला लागली तरच गाडी चढणार, आणि जीपचा पुढचा ॲक्सल मला कळायला लागल्यापासून निकामी होता.

जीप दगडांवर चढवली, पुढची चाकं काढली. चाक वळतं तिथला नारळाहून मोठा लोखंडी गोळा उघडला, तर आत ग्रीसच्या जागी काळा चिखल आणि बेअरिंगच्या ठिकऱ्या. जमेल तेवढं डिझेलनं धुतलं आणि आईच्या परातीत उन्हाला ठेवलं.

"आगं बये, भाकरीला डिझेलचा वास यायलाय!" आई ओरडली. "लोकाच्या पोरी सासरी जात्यात, आमची जीपखाली गेली."

"जीप टोमणे तरी मारत न्हाई," मी खालून फणकारले. माझा राग नाकावरच असतो. आबा बाजेवर खुदुखुदु हसत होते.

ते दिवस मला आता एकाच लांबलचक दुपारीसारखे आठवतात. चेसीच्या फटींतून ऊन छातीवर यायचं आणि हळूहळू पोटाकडं सरकायचं. हातात पाना तसाच राहायचा आणि डोळा लागायचा. अर्धवट झोपेत बाजेवरून आबांचा आवाज यायचा. ते मला सांगत होते की स्वतःला, कुणास ठाऊक. "बोरीपासनं डाव्या अंगाला चल. पुढं टाकं हाय. टाक्यातलं पाणी लई गार." मी झोपेतच त्यांच्यामागं चालायचे. वर गवत कमरेएवढं असायचं, आबांचे गुडघे धड असायचे आणि ते माझ्यापुढं भराभरा जायचे. जाग आली की डोक्यावर पुन्हा गंजलेलं लोखंड. पण मला वाईट वाटायचं नाही, कारण हे जुळलं की आबा पुन्हा वर जाऊन राहतील, दर पंधरवड्याला मी त्यांना नेईन, असं मी मनात पक्कं ठरवून टाकलं होतं.

बीडहून नवीन बेअरिंग आणली. चाक वळवायला किती जोर लागतो ते काट्यानं ओढून बघावं लागतं. फार सैल नको, फार घट्ट नको. त्यासाठी लोकर तोलायचा ताणकाटा कामाला आला. पातळ पत्र्या एकेक घालायच्या, काढायच्या, पुन्हा ओढायचं. शेवटी दोन्ही बाजू सारख्या झाल्या आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग घोडं अडलं ते नमद्यावर. त्या गोळ्याभोवती रबरी सीलच्या बाहेरून नमद्याची पट्टी लागते. ती धूळ आत जाऊ देत नाही. आणलेल्या पाकिटात रबर होतं, नमदा नव्हता. दुकानदार म्हणाला, आता येतच नाही. मी घरी येऊन पाना अंगणात भिरकावला.

आबांनी विचारलं, "कशाचा असतो त्यो?"

"लोकरीचाच की. दाबून घट्ट केलेल्या."

ते भिंत धरून उठले आणि आतून त्यांची काळी घोंगडी घेऊन आले. कितीतरी पावसाळे भिजून वाळून ती दाट, कडक झाली होती. मेंढरं कातरायची कातर त्यांनी माझ्याकडून मागून घेतली.

आई चुलीपासून उठून आली. "अवो, घोंगडी कापताव? वर काय पांघराल?"

आबांनी काठ सरळ धरून बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या कापल्या. कातर जाड लोकरीत करकर वाजत होती. आई तशीच दारात उभी राहिली. माझं लक्ष पट्ट्यांकडं होतं. त्या अशा चपखल बसल्या, की मला आनंदानं काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी आबांना पुढं बसवलं, मागं त्यांची वळकटी टाकली. चार दिवस भावाजवळ राहतील, असा माझा बेत होता. मुरमाच्या चढाला जीप क्षणभर थबकली, मग पुढच्या चाकांनी जमीन धरली आणि आम्ही सावकाश वर सरकलो. आबांनी एक हात डॅशबोर्डवर ठेवला होता, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

वर मेंढरं जीपभोवती गोळा झाली. आबांनी बसल्याबसल्याच एकीच्या लोकरीत बोटं घातली, दुसरीचा कान बघितला. भावानं केलेला चहा घेतला. भाऊ वळकटी उतरवायला लागला, तसं त्यांनी हातानंच त्याला थांबवलं.

"चल, बाई. घरला."

"कावून? ऱ्हायचंय न्हवं?"

"न्हाई. बगायचं व्हतं. बगितलं."

मला आधी राग आला, मग ती कापलेली घोंगडी आठवली. मी तो ॲक्सल पुढच्या कितीतरी वर्षांसाठी जुळवला होता. त्यांना एकच फेरी हवी होती, आणि ते त्यांनी मला केव्हाच सांगून टाकलं होतं. आबा समोर बघत बसले होते, चेहरा अगदी निवांत. मी खालचा गिअर टाकला आणि तो उतार जमेल तितक्या हळू उतरले.