इवायांच्या पंगतीला तिकीट

माझ्या इवायांइतका जेवू घालण्याचा हावरा माणूस साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नाही, आणि आता होणारही नाही, कारण सरकारनं तशी सोयच ठेवली नाही. इवाई म्हणजे माझ्या थोरल्या लेकीचे सासरे, आणि मीही त्यांचा इवाईच. मी वडनेर भोलजीचा, शाळेत दुसरीपर्यंत टेकलेला. पण लेक कोणत्या घरी द्यायची एवढं मला कळत होतं. त्यांचं गाव डोंगराच्या पायथ्याशी. त्यांचं खळं संपलं की लगेच जंगल लागायचं, आणि ते जंगल म्हणजे आपल्याच घराची ओसरी, असा इवायांचा पक्का समज.

हरभरा निघाला की ते रोडगे करायचे. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. जाळ जंगलाबाहेर, नाल्याच्या वाळूत. पंगत मात्र आत, वळणावरच्या वाकलेल्या अंजनाच्या झाडाखाली, म्हसोबासमोर. आधी म्हसोबाचा नैवेद्य, मग पाहुणे, मग वानरं, आणि सगळ्यांच्या शेवटी इवाई. नैवेद्याआधी रोडग्याचा कण त्यांनी कधी जिभेवर ठेवला नाही. एका वर्षी पाहुणे कमी पडले, तर हा गृहस्थ रस्त्यात आडवा झाला आणि खामगावची एसटी थांबवली. कंडक्टर ओरडला, "बाबा, टाइम होऊन राह्यला!" इवाई म्हणाले, "टाइम गाडीचा हाये. तू काऊन उपाशी राह्यतं? उतरा सारे!" उतरले. ड्रायव्हरनं तर दोनदा वरण मागून घेतलं. वानरांनाही त्यांचा दम असायचा, "बसा बे लाईनीत! पावण्याईचं झालं नाई अजून." वानरं लाईनीत बसत असं मी म्हणणार नाही, पण इवायांना ती बसलेली दिसत.

मग जंगलाचं अभयारण्य झालं. लोखंडी फाटक आलं, पत्र्याची खोली आली, आणि एका वर्षी रोडग्यांच्या पाट्या डोक्यावर घेऊन आम्ही गेलो, तर खोलीच्या खिडकीत गार्ड बसलेला. इवाई हरखले. "पाहा इवाई, पावणे मोजाले माणूस बसवला! आता कोणी उपाशी जाचं नाई." पण पुढची माणसं खिशात हात घालायला लागली. माझाही हात गेला. इवायांनी माझं मनगट धरलं.

"इवाई, माया पंगतीले तुमी पैसे देऊन बसता?"

"बाबा, तिकीट जंगलाचं हाये, जेवणाचं नाई," गार्ड म्हणाला.

"मंग पंगत कुठी बसते? ढगात?"

मागून कोणी म्हणालं, "तुमीच काढा ना साऱ्याईचं!"

"आपल्या घरात पावणा न्याले घरधन्यानं कोणाले पैसे द्याचे बे?"

गार्ड वाईट नव्हता, इवायांच्याच हातचे रोडगे खाऊन मोठा झालेला. हळूच म्हणाला, "तुमी एकटे जा. नैवेद्य दाखवून या. म्या पाह्यलंच नाई."

"मी काय चोर हाये? पावणे बाहीर अन् मी आत?"

पंगत रस्त्यावर बसली. गार्डही जेवला. इवाई वाढत राहिले, खाल्लं नाही. म्हसोबा उपाशी होता ना.

त्यानंतर दरसाल रोडगे फाटकाबाहेर, आणि दरसाल इवाई रोडग्याविना कोरडे. लोकांनी समजावलं, भिंतीला समजावलेलं बरं. मीही शपथ घेतली होती, तिकीट काढून त्या जंगलात पाय ठेवणार नाही. त्यामुळे आतलं आम्हा दोघांना काहीच कळेना. जीपमधून फिरून येणाऱ्या शहरी माणसांना इवाई अडवायचे, हातात रोडगा द्यायचे आणि विचारायचे, "वळणावरचा वाकलेला अंजन हाये का हो?" ते म्हणायचे, "काका, अस्वल काही दिसलं नाही." असं किती जणांनी सांगितलं! एवढी माणसं पैसे देऊन आत जातात, आणि एकाला झाड दिसत नाही. पुढे इवायांनी विचारणंही सोडलं.

यंदा पंगत उठली तेव्हा ते माझ्याजवळ बसले. डोळे गेल्यातच जमा. समोर फाटकाकडे तोंड करून नैवेद्याची पत्रावळ मांडलेली. तेवढ्यात फाटकावरून एक वानर उतरलं, रोडगा उचलला आणि उडी मारून परत वर चढलं.

"नेला काय हो?" इवायांनी विचारलं.

"नेला."

"आत गेला?"

वानर तिकिटाच्या खोलीच्या पत्र्यावर बसून आरामात खात होतं. खाली कोणाची तरी जीप तिकिटासाठी उभी होती.

"हाव," मी म्हणालो. "आत."

"अंजनाकडंच गेला असन."

"तिकडंच गेला."

इवायांनी फाटकाकडे हात जोडले. मग म्हणाले, "त्याले कोण तिकीट मांगते?" आणि पाटीत हात घालून त्यांनी एक रोडगा घेतला. दात नव्हते. मी वरणात कुस्करून दिला.