काकींनी शिवलेला गोरिला

पडदा वर जाऊ द्या! डावीकडे शिलाई मशीन, उजवीकडे इस्त्रीचं टेबल आणि मधोमध स्टुलावर उभा मी: वय बावीस, अंगभर काळी लोकर, बगलेत गोरिलाचं डोकं. माझ्याभोवती तोंडात टाचण्या धरून गरगर फिरताहेत आमच्या नाटक कंपनीच्या शिवणकाकी. तीस वर्षं त्यांनी कंपनीतल्या नटांना राजे केलं, भिकारी केलं, एका जाड्या नटाला तर चक्क कमळ केलं. गळ्यातली टेप शोभेपुरती. माप त्या नजरेनंच घ्यायच्या.

गोरिला मात्र जमेना. रंगीत तालमीत मी गर्जना केली आणि अख्खी कंपनी पोट धरून हसली. मालकांनी बजावलं, "काकी, उद्या पहिल्या प्रयोगाला प्रेक्षक असे हसले, तर यापुढे सगळे पोशाख बाहेरून येतील."

"कुणाचा तरी मामा थंडीत फिरायला निघाल्यासारखा दिसतोस!" काकी माझ्यावरच डाफरल्या. त्यांनी केस वाढवले, पोट फुगवलं. मामा फक्त आणखी लठ्ठ झाला.

तेवढ्यात त्यांची सून आली. शाळेत जीवशास्त्र शिकवायची. मला पाहून दाराला धरून हसत सुटली.

"आई, केसांना काय दोष देताय? ह्याचे पाय बघा! गोरिलाचे पाय आखूड, हात लांब. आपलं उलटं."

"उलटं कुणी केलं?"

"चालण्यानं. लाखो वर्षांपूर्वी आपले पूर्वज दोन पायांवर चालायला लागले. लांब पायांची माणसं कमी दमायची, म्हणून जास्त तगली. त्यांची पोरंही तशीच. हातांना झाडावर लोंबकळायचं काम उरलं नाही."

काकींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. हे मी प्रथमच पाहत होतो.

"बरं, मग हनुवटी कशाला? माकडाला कुठाय?"

"त्यावर शास्त्रज्ञांचंही एकमत नाही, आई. प्रत्येक गोष्टीला उपयोग असतोच असं नाही. जबडा लहान होताना ती आपोआप उरली असेल."

"म्हणजे बाही बेतल्यावर उरतो तो तुकडा! तुझ्या सासऱ्यांचं नाकही त्यातलंच."

सुनेला ठसका लागला आणि काकींनी कात्री उचलली. विजारीचे दोन पाय जुळतात ती शिवण त्यांनी थेट माझ्या गुडघ्यांपर्यंत उतरवली. बाह्या हातभर वाढवल्या, टोकाला लाकडी मुठी दिल्या, त्या टेकत मी वाकून चाललो. आरशात खरंच जनावर! एवढंच, की रंगमंचाच्या पायऱ्यांचा विचार कुणीच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी चौघांनी मला गोणीसारखं उचलून रंगमंचावर ठेवलं.

काकी विंगेत टेपला पीळ घालत उभ्या. मी उजेडात आलो. सगळं चिडीचूप. मग पहिल्या रांगेतल्या एका टकलू गृहस्थांनी दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले. कुणीच हसलं नाही! हसत होत्या त्या फक्त काकी, आवाज फुटू नये म्हणून टेप तोंडात कोंबून.

पडदा पडताच मालक धावत आले. "काकी, कमाल केलीत! बाहेरचे पोशाख विसरा. ही शिवणखोली तुमचीच!"

मी सरळ व्हायची धडपड करत होतो. कंबर आखडलेली, गुडघे अडकलेले. काकींनी मालकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ते राहू द्या, आधी ह्याला बाहेर काढा! लाखो वर्षं लागली पोराला ताठ उभं राहायला, माझ्या एका शिवणीनं पुन्हा वाकडा नको व्हायला!"