भाऊजींचा उसना मधुमेह

चंदी पडवा, म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीचा, सुरतेचा घारी खायचा सण. संध्याकाळ. हजर: मी, माझी नणंद, तिची सून आणि नणंदेचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी. नणंदेचा मुलगा कडोदऱ्याच्या कारखान्यातून अजून यायचा होता.

मधुमेह नसताना मधुमेहाचं पथ्य पाळणारा माणूस अख्ख्या सुरतेत एकच, आणि तो आमच्या नात्यात आहे. झालं असं, की मूल व्हावं म्हणून सुनेची हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली. रोज ठरल्या वेळी, पोटावर, घरच्या घरी घ्यायची आणि फ्रीजमध्ये ठेवायची. सुनेची अट एकच होती, "बिल्डिंगमध्ये कुणाला कळायला नको. जिन्यात रोज 'काय गं, काही विशेष?' मला ऐकवणार नाही." त्यामुळे शेजारच्या बेननी एकदा फ्रीजमधली इंजेक्शनची पेनं पाहून भुवया उंचावल्या, तसे भाऊजी छातीवर हात ठेवून म्हणाले, "माझी. शुगर."

बोलून गप्प बसणारा हा माणूस नव्हे. सुरतेजवळच्या सचिन गावात, कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये त्यांनी जन्मभर रंगाच्या टाक्यांचं तापमान सांभाळलं; त्याच नजरेनं ते आता फ्रीज सांभाळू लागले. आत थर्मामीटर टांगला. नणंदेला कोथिंबीर काढायलाही परवानगी लागे. पेनं दाराच्या कप्प्यात ठेवायची नाहीत, कारण "दार उघडलं की त्यांना हवा लागते." इंजेक्शनची वेळ झाली, की हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि ओरडायचे, "काल उजवीकडे झालं, आज डावीकडे! आणि सुई डब्यात!"

"पप्पा, हळू," सून खोलीतून म्हणायची, "शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. त्यांच्या हिशेबी माझंच पोट आहे."

आणि हा माणूस घारीचा भक्त! एरवी पडव्याला दुपारचं जेवण टाळून घारीसाठी जागा करणारा. यंदा सगळी बिल्डिंग गच्चीवर खव्याची, तुपात निथळणारी घारी खात बसली होती आणि भाऊजी काकडी चावत होते. डोळ्यांत पाणी.

"मिरची लागली का, भाऊजी?"

"काकडीला कुठली मिरची, वहिनी?"

एवढ्यात शेजारच्या बेन कौतुकानं म्हणाल्या, "मोटाभाई, मारी घारी तमारा फ्रीजमां मूकी आवी छुं. तमे तो खावाना नथी!"

आपली घारी बेन आमच्या फ्रीजमध्ये ठेवून आल्या होत्या! भाऊजी काकडी टाकून जिन्यावरून धावले, मागून आम्ही. फ्रीजभर घारीचे डबे. त्यांना जागा करायला बेननी पेनांचा डबा वर फ्रीझरमध्ये सारलेला. पेनं दगडासारखी झालेली.

"काखेत धरतो. आत्ता वितळतील!" भाऊजी शर्टाची बटणं काढू लागले.

"पप्पा, गोठलेलं टोचायचं नसतं." सुनेनं पेनं त्यांच्या हातातून काढून घेतली. "आजचं चुकलं तर आतापर्यंतचं सगळं वाया जाईल का हो?"

मी हॉस्पिटलला फोन लावला. नर्स म्हणाली, "गोठलेलं वितळवून वापरू नका. उद्या आपल्या मनानं डोसही वाढवू नका. लगेच या, नवीन घेऊन जा."

भाऊजींनी स्कूटर काढली, तशा बेन गच्चीवरून ओरडल्या, "शुं थयुं?"

"शुगर!" भाऊजी ओरडले आणि सुटले. आले ते बर्फाचा डबा दोन्ही पायांत घट्ट धरून. सुनेनं वेळेत इंजेक्शन घेतलं. भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे होते, पण डावं-उजवं काहीच ओरडले नाहीत. खांदे तेवढे हलत होते.

त्या खेपेला यश आलं नाही. सून बरेच दिवस खोलीबाहेर फारशी आली नाही. आणि पडव्याची ती धावपळ पाहून हळहळलेल्या बेन रोज सकाळी भाऊजींना कारल्याचा रस आणून देऊ लागल्या. ते उभ्यानं, तोंड वाकडं न करता पितात.

"आता तरी बेनना सांगून टाका, भाऊजी," मी म्हटलं.

"डॉक्टरांनी पोरीला पुन्हा बोलावलंय, वहिनी. मग पेनं कुणाची म्हणायची?"

तर बेनना खरं सांगायचं काम अजून बाकी आहे. ते सुनेनंच करायचं, पेढे द्यायला जाईल तेव्हा.