गोरक्षभाऊंच्या फोटोखालची माणसं

विमलाबाईंचा राग विझणारा नव्हता, हे त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. सिन्नरकडं सासरी नांदत असताना एका जावेनं भरल्या पंगतीत त्यांच्या भाकरीला नाव ठेवलं, तर ह्या बाईनं पुढं कधी त्या जावेच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. अशा बाईच्या वाटेला माणसानं जाऊच नये. पण हे गोरक्षभाऊंना सांगणार कोण? भाऊ म्हणजे माजी नगरसेवक आणि पुन्हा होऊ घातलेले नगरसेवक. त्यांना प्रभागातल्या बायका दिसायच्या त्या फक्त हळदीकुंकवाला, वाण वाटताना.

विमलाबाई नाशिकरोडला, एकलहऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, दीपकशेठच्या फ्लेक्सच्या दुकानात कामाला होत्या. दीपकशेठ कॉम्प्युटरवर फ्लेक्स बनवायचा, मशीन तो छापायचं, आणि विमलाबाई जमिनीवर बसून त्याची कड दुमडायच्या, भोकं पाडायच्या आणि त्यात दोरी ओवायला पितळी रिंगा ठोकायच्या. दिवसभर ठोक ठोक. वाढदिवस, निवड, लग्न, दहावा, सगळं त्यांच्या मांडीवरून जायचं. आणि प्रभागातला फ्लेक्स कशाचाही असो, वर भाऊंचा हात जोडलेला फोटो पाहिजेच! खाली गोल गोल चौकटीत शुभेच्छुकांचे चेहरे, आणि वर भाऊ. एकदा एका पोरानं जागा पाहिजे म्हणून भाऊंचा जुना फ्लेक्स उतरवला, तर भाऊंनी त्याला भर चौकात थोबाडीत दिली होती. तेव्हापासून भाऊंचा फोटो असलेल्या फ्लेक्सला कुणी हात लावायचं नाही, उन्हानं फाटून खाली येईपर्यंत तो लोंबायचा.

विमलाबाईंच्या नवऱ्याचं नावच कारभारी. ते एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडं कामाला होते. रोज सायकलवर. तो रस्ता म्हणजे नुसते डंपर आणि ट्रक, आणि कडेला खडी. चालणारा आणि सायकलवाला त्या खडीतून जीव मुठीत धरून जायचे. कारभाऱ्यांनीच चार माणसं गोळा केली, भाऊंच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या, आणि काय आश्चर्य, फुटपाथ आणि सायकल ट्रॅकला निधी मंजूर झाला. त्या दिवशी कारभाऱ्यांनी घरी पेढे आणले होते. "आता तू बी शीक सायकल," असं बायकोला म्हणाले, आणि त्यावरून घरात आठवडाभर हसाहशी चालली.

आणि मग तिथं उभी राहिली कमान! भाऊंच्या वडिलांच्या नावाची स्वागत कमान, वर दोन सिमेंटचे सिंह. भूमिपूजनाला भाऊ माईकवरून ऐटीत सांगत होते, "निधी फुटपाथचा होता. मी वळवून घेतला. अहो, फुटपाथवर कोण चालतंय? प्रभागाला आधी ओळख पाहिजे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. विमलाबाई मागं उभ्या होत्या. ते वाक्य त्यांनी ऐकलं आणि जपून ठेवलं.

कमानीचा खांब बरोबर रस्त्याच्या कडेला आला. जिथून सायकली जायच्या ती खडीसुद्धा त्यानं खाल्ली, म्हणून खांबापाशी आल्यावर सायकल रस्त्यात घ्यावी लागायची. एका सकाळी कारभाऱ्यांनी ती तशी घेतली आणि मागून डंपर आला. बस, संपलं.

पण विमलाबाईंच्या काळजाचा खरा कोळसा झाला तो पुढं. दहाव्याच्या आधी भाऊंच्या हाताखालच्या पोरांनी दुकानात फ्लेक्स छापायला टाकला, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. कुणाला सुचलं नाही की ही बाई त्याच दुकानात बसते. तिसऱ्या दिवशीच कामावर आलेल्या विमलाबाईंच्या मांडीवर तो येऊन पडला. वर भाऊंचा एवढा मोठा फोटो, हात जोडलेला, आणि खाली कोपऱ्यात कारभारी, रेशनकार्डावर असतात तेवढे. दीपकशेठ धावत आला, "मावशी, राहू द्या, मी ठोकतो." विमलाबाईंनी त्याचा हात बाजूला केला. एकेक रिंग त्यांनी स्वतः ठोकली. डोळ्यांतून टिपूस नाही. दीपकशेठ सांगतो, त्या दिवशी मला मावशींची भीती वाटली.

त्यानंतर बाई जरा शांत झाली असं गल्लीला वाटलं. कसली शांत! ती वाट बघत होती. रविवारी सुट्टीच्या दिवशी ती त्या रस्त्यावरच्या घरांत जायची. त्या रस्त्यानं गिळलेले कारभारी काही एकटेच नव्हते. भाजीची पाटी घेऊन जाणारी गोजराबाई होती, क्लासवरून चालत येणारा राज होता, पहिल्या पाळीला निघालेला योगेश होता. विमलाबाई प्रत्येक घरी एकच गोष्ट मागायच्या, हसरा फोटो. राजच्या आईनं विचारलं, "कशाला हवाय?" विमलाबाई म्हणाल्या, "भाऊच्या वाढदिवसाला." त्या माउलीनं एक क्षण त्यांच्याकडं बघितलं आणि भिंतीवरची तसबीरच काढून दिली.

वाढदिवस आला. निवडणूक तोंडावर, त्यामुळं ह्या खेपेला सगळा थाट कमानीखालीच व्हायचा होता. दुकानात फ्लेक्सचा पाऊस. त्या गडबडीत विमलाबाई दीपकशेठजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि फोटोंची पिशवी टेबलावर ठेवली. काय लिहायचं ते सांगितलं. दीपकशेठच्या तोंडचं पाणीच पळालं.

"मावशी, दुकान फोडतील माझं!"

"फोडू दे. तू काय बघून छापतोस का कधी? म्हनायचं, दिलं ते छापलं. आन् शेठ, तो दहाव्याचा फ्लेक्स तूच बनवला व्हता ना?"

दीपकशेठनं फोटोंची पिशवी उघडली. मग खुर्ची पुढं ओढून कामाला लागला.

विमलाबाईंनी त्या फ्लेक्सला रिंगा ठोकल्या त्या जोडीनं, वाऱ्यानं फाटायला नको म्हणून. मग गुंडाळी करून बाकीच्या गुंडाळ्यांत सरकवली, सगळ्यात मोठी म्हणून सगळ्यात वर. सकाळी भाऊंची पोरं टेम्पो घेऊन आली. फ्लेक्स कोण वाचतो हो? पोरांनी उलगडला, वर भाऊ हात जोडून हसताहेत एवढं बघितलं, आणि शिडी लावून सगळ्यात मोठा म्हणून कमानीच्या बरोबर मधोमध, दोन सिंहांच्या खाली बांधून टाकला. स्वतःच्या हातांनी!

ढोल वाजत भाऊ आले. जेसीबीनं वरून फुलं उधळली. भाऊंची आई, चतुराबाई, औक्षणाचं ताट घेऊन कमानीखाली उभी होती. म्हातारीला अक्षरओळख नव्हती. तिनं वर बघितलं आणि कौतुकानं विचारलं, "गोरक्ष, ही खालची चार जणं कोण रे? तुझे कार्यकर्ते का?"

आता सगळ्यांनी वर बघितलं. भाऊंच्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत भाऊंचंच वाक्य होतं: फुटपाथवर कोण चालतंय? आणि त्याखाली गोल चौकटीत, शुभेच्छुकांच्या जागी, चार हसरे चेहरे. ढोलवाल्याचा हात थांबला.

गर्दीतून विमलाबाई पुढं आल्या.

"मी सांगते, आई. ही फुटपाथवर चालनारी मानसं हायेत. फुटपाथ नव्हता म्हनून ह्या रस्त्यावर गेली. ही गोजराबाई, भाजीवाली. ह्यो राज, शाळकरी लेकरू. ह्यो योगेश. आन् हे..."

इथं बाई अडखळली. लग्नापासून तिनं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी तोंडातून काढलं नव्हतं. सगळे बघत होते. मग ती खणखणीत आवाजात म्हणाली, "हे कारभारी. माझा नवरा. ह्याच खांबापाशी पडला."

"फुटपाथचा पैसा हा, आई," असं म्हणून तिनं त्या सिंहांकडं बोट दाखवलं.

"काकू, राजकारण करू नका!" भाऊ ओरडले. मग पोरांवर खेकसले, "बघताय काय? उतरवा ते!" पोरं एकमेकांकडं बघायला लागली. भाऊंचा फोटो आणि उतरवायचा? भर चौकात खाल्लेली ती थोबाडीत सगळ्यांना आठवत होती. तेवढ्यात निम्म्या प्रभागानं मोबाईल वर केले होते.

चतुराबाईनं निरांजन फुंकून विझवलं. "इथं नाही ओवाळायची मी तुला," एवढंच ती बोलली आणि ताट घेऊन घराकडं चालायला लागली, त्या खडीतून, ट्रकच्या कडेनं, एकटी. विमलाबाईंना म्हातारीचं वाईट वाटलं. भाऊंचं नाही वाटलं. भाऊंचा चेहरा बघून त्यांना बरं वाटलं, लय बरं वाटलं, आणि हे त्या कुणालाही तोंडावर सांगतात.

कमानीवरच्या त्या फ्लेक्सचा फोटो मोबाईलवरून नाशिकभर फिरला. मतं हातची जायला लागल्यावर भाऊंना फुटपाथची आठवण झाली. वळवलेला निधी कसाबसा परत वळला, खांब आड येतो म्हणून सिंहांसकट कमान पाडली गेली आणि रस्त्याची कड खणायला सुरुवात झाली.

मग एका दुपारी भाऊ एकटेच दुकानात आले. दीपकशेठ उभाच राहिला. विमलाबाई बसल्या होत्या तिथंच बसल्या.

"काकू, झालं ना आता? फुटपाथ होतोय. तेवढा तो फ्लेक्स कॉम्प्युटरमधून काढून टाकायला सांगा."

"नाय निघनार. पार एकलहऱ्यापर्यंत फुटपाथ होऊ द्या."

"आणि झाल्यावर?"

"झाल्यावर बी नाय. तुमचा वाढदिवस दरसाल येतो, भाऊ. आमच्या ह्यांचा आता येत नाय."

भाऊ पाठ फिरवून निघाले. बाहेर कड खणलेली, त्यामुळं त्यांची गाडी लांब चौकात उभी होती. ते ट्रकच्या कडेनं चालायला लागले. मागून डंपरचा भोंगा वाजला आणि पांढऱ्या खादीतले भाऊ टुणकन उडी मारून चिखलाच्या चरात उतरले. तिथून त्यांनी घाबऱ्या तोंडानं दुकानाकडं मागं वळून बघितलं.

विमलाबाई दारात उभ्या होत्या. "चाला, चाला," त्या म्हणाल्या, "आमी रोज असंच चालतो." आणि आत येऊन पुढच्या फ्लेक्सला रिंग ठोकायला बसल्या.